तेरावी जर्सी

राज्य अजिंक्यपदाचा अंतिम सामना संपला, तेव्हा ती कुणा अनोळखी माणसाच्या निवृत्तीच्या केकवर गुलाब काढत होती. एक गुलाब अर्धा झाला होता आणि टेबलावरचा फोन थरथरला. मुलीच्या बाबाचा निरोप होता. ‘जिंकलो.’ एवढाच. जसा काही हाच मैदानात उड्या मारत होता.

तिने आधी गुलाब पुरा केला. क्रीमची पिशवी हातात असली की मध्येच थांबता येत नाही. हाताच्या उबेने क्रीम सैल पडतं आणि गुलाबाचा कोबी होतो. मग पिशवी खाली ठेवली, हात ॲप्रनला पुसले आणि भट्टीवाल्या मावशींना सांगितलं, “जिंकली.”

“कोण?”

“माझी. म्हणजे शाळेची टीम. राज्यात पहिली आली.”

मावशींनी भट्टीचं दार गुडघ्याने ढकलून लावलं. “मग आता घरी येणार का तुझं शिंगरू?”

मावशींना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मुद्द्याचं तेवढं बरोबर कळायचं.

शिंगरू हे नाव आईनेच, म्हणजे तिनेच, ठेवलेलं. जन्मली तेव्हा पोरीच्या अंगात बाकी काही नव्हतंच, नुसते पाय होते. ते पाय वाढत वाढत हायस्कुलात गेले आणि क्रीडाशिक्षकांच्या नजरेत भरले. तिथून सगळं सुरू झालं. सराव पहाटेचा आणि बेकरीतली आईची पाळीही पहाटेची. आईच्या घरापासून इनडोअर कोर्टापर्यंत दोन बस बदलाव्या लागायच्या. बाबाचं घर मात्र कोर्टाच्याच गल्लीत. घटस्फोटाला इतका काळ लोटला होता की भांडणाचे विषयसुद्धा शिळे झाले होते, त्यामुळे शांतपणे ठरलं. स्पर्धा संपेपर्यंत मुलीने बाबाकडे राहायचं. ‘संपेपर्यंत’ हा शब्द आईने घातला होता, आणि दोघांकडूनही वदवून घेतला होता.

पण स्पर्धा संपायचं नाव घेईना. टीम शहरात जिंकली, मग जिल्ह्यात, मग विभागात. शनिवार-रविवारी तरी मुलगी घरी येईल असं वाटलं होतं, तर सामने नेमके शनिवार-रविवारीच. आणि बेकरीला सगळ्यात जास्त काम शनिवार-रविवारीच, कारण लोक जन्मतात कधीही, पण वाढदिवस सुट्टीला साजरे करतात. आईला एकही सामना बघता आला नाही. प्रत्येक विजयाचा फोन आला की ती “शाब्बास ग” म्हणायची आणि मनातल्या मनात घरी यायची तारीख पुढे ढकलायची. उपांत्य सामन्याच्या दिवशी तर तिने मनातून गुपचूप विरुद्ध टीमच्या पोरींना थोडा जोर दिला होता. फार नाही. एखाद-दुसरी बास्केट.

तर आता ती भानगड मिटली. राज्याच्या वर जिंकायला शाळेला काही उरलंच नव्हतं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. मागे नुसता गोंधळ, शिट्ट्या, कुणीतरी डबा बडवतंय.

“आई, कळलं ना?”

“कळलं ग बाई. दमलीस का?”

“नाही. म्हणजे हो. आई, शेवटी ना, मी...” पुढचं आरडाओरड्यात बुडालं.

“बरं ऐक. शनिवारी शाळेत तुमचा कार्यक्रम आहे ना? त्यानंतर थेट सामानच घेऊन ये. मी येते पिशव्या उचलायला.”

“बघू ग. कार्यक्रमानंतर बोलू ना आपण.”

“त्यात बोलायचं काय?”

“आई, इथे काही ऐकूच येत नाहीये. ठेवते, हं?”

‘बघू’ हा शब्द त्यांच्या घराण्यात बाबाकडून आलेला. संसाराच्या शेवटच्या वर्षात तो फक्त ‘बघू’ म्हणायचा, आणि बघायचा दुसरीकडे. आईने फोन ठेवला. मुलीच्या खोलीतला पंखा पुसला, पलंगावर नवी चादर घातली, आणि उशी एकदा इकडून, एकदा तिकडून थापटली. पोरगी दमली असेल. दमलेली माणसं ‘बघू’च म्हणतात.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या केकची ऑर्डर तिच्याच बेकरीत आली. मालकांनी काउंटरवरून आत ओरडून सांगितलं, “शाळेच्या सरांचा फोन होता. बास्केटबॉलचं मैदान करायचंय. चौकोनी, मोठा. वर साखरेच्या बारा जर्सी, चार ते पंधरा नंबर. निळ्या.”

“मी करते,” ती म्हणाली.

“तूच करणार. दुसरं कोण आहे इथे? मी केला तर मैदानाचा खड्डा होईल.”

मैदान झकास झालं. केकवर अंथरायचा साखरेचा गोळा तिने लाकडी रंगात मळला, एकसारखा लाटला आणि सुरकुती पडू न देता केकवर घातला. बोथट सुरीने फळ्यांच्या रेघा ओढल्या. पांढऱ्या क्रीमची बारीक धार काढून मधलं वर्तुळ, दोन्हीकडच्या कमानी, सगळं आखलं. बास्केटच्या जाळ्या करायला नूडल्ससारखे धागे ओढावे लागले. त्यातले अर्धे मोडले आणि ते मावशींनी खाल्ले. मग निळ्या साखरेच्या जर्सी. नखाएवढ्या बाह्या, तिळाएवढा गळा. चार, पाच, सहा असं करत ती पंधरापर्यंत आली, आणि थांबली.

तीन कुठे आहे?

मुलीचा नंबर तीन. हे तिला माहीत नसेल तर कुणाला? पहिल्या वर्षी शाळेने कोऱ्या जर्सी दिल्या होत्या, नंबर घरून शिवून आणा म्हणून. तो तीन तिने स्वतः पांढऱ्या कापडातून कापून शिवला होता. मुलीला खरं तर आठ हवा होता, पण आठाची दोन भोकं कापणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. ‘तीन चांगला दिसतो,’ असं तिने मुलीला पटवलं होतं, आणि मुलीनेही पटल्यासारखं केलं होतं.

“हे सर म्हणजे,” ती मावशींना म्हणाली, “घाईत सगळ्यांचे नंबर सांगितले आणि माझ्याच पोरीचा विसरले.”

मावशींनी बोटांवर हिशेब केला. “चार ते पंधरा म्हणजे बाराच होतात ग. टीम बाराची ना?”

“मग मधला कुठलातरी एक चुकीचा असेल. एखादी पोरगी नसेलच.”

“मग ती काढ.”

“कुठली काढू? जिची काढीन तिची आई येईल माझ्या उरावर.”

“फोन करून विचार सरांना.”

फोन तिने केला नाही. सरांची चूक सरांना दाखवून द्यायची म्हणजे त्यांना ओशाळल्यासारखं होणार, आणि ही काय स्वतःच्या मुलीसाठी भांडायला आली असंही वाटणार. त्यापेक्षा हातात आहे ते करावं. तिने तेरावी जर्सी केली. बाकीच्यांपेक्षा अंमळ नीट केली, हे कबूल. दोन्ही अर्ध्यांत सहा-सहा जर्सींच्या रांगा बसल्या होत्या. तेरावीला जागा उरली ती एकच, बरोबर मधल्या वर्तुळात. तिने पाण्याचं बोट फिरवलं आणि तीन नंबर तिथे चिकटवला.

मावशी लांबून म्हणाल्या, “अगदी मध्यावर बसवलीस ग.”

“जागाच तिथे होती.”

“हो. तिथेच होती.”

शनिवारी बेकरीच्या गाडीतून ती केक मांडीवर धरून शाळेत गेली. गतिरोधक आला की श्वास रोखायचा आणि पाय उचलून धरायचे, ही केकवाल्यांची जुनी खोड. केकला त्याचा काही फायदा होत नाही. सभागृहाशेजारी एक छोटी खोली होती, तिथे मोडकी बाकं, पाण्याचे जार आणि नाटकाचे पुठ्ठ्याचे दोन खांब ठेवलेले. केक तिथेच ठेवायचा आणि नाव पुकारलं की बाहेर आणायचा, असं ठरलं. ती खोक्याचं झाकण उघडून कडेचं क्रीम नीट करत होती, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “ताई, येऊ का आत?”

मुलीच्या बाबाची बायको. ती दातांची डॉक्टर होती, आणि बाबाचं चष्म्याचं दुकान. त्या घरात डोळे आणि दात दोन्हींची सोय होती, कानाचा तेवढा कुणी मिळायचा बाकी. आई मनात तिला ‘दातवाली’ म्हणायची. तोंडावर काहीच म्हणायची नाही. मुलगी तिला ‘डॉक’ म्हणायची. दातवालीबद्दल वाईट बोलण्यासारखं इतक्या दिवसांत काही सापडलं नव्हतं आणि हा तिचा सगळ्यात मोठा दोष होता.

“या ना. केक बघायला आलात?”

“पाणी शोधत होते. पाहुणे बोलायला लागले की किती वेळ चालेल सांगता येत नाही.” दातवाली खोक्यावर वाकली. “अगंबाई. ताई, काय सुंदर झालाय हो. या जाळ्या कशा केल्यात?”

“मोडत मोडत.”

दातवाली हसली. जर्सीवरून बोट हवेतच फिरवत एकेक नंबर बघत गेली आणि मध्यावर थांबली. “हा तीन कुणाचा?”

“कुणाचा म्हणजे?” आईला हसू आलं. “सर विसरले होते. मी घातला.”

 दात काढायच्या आधी इंजेक्शन चढेपर्यंत डॉक्टर थांबतात, तशी दातवाली थांबली.

“ताई, ती अकरा आहे.”

“कोण अकरा?”

“विभागापासून पुढे चार ते पंधराच नंबर चालतात. एक, दोन, तीन नाही चालत. पंच बोटांनी गुण दाखवतात ना, एक, दोन, तीन असे, मग घोटाळा होतो म्हणे. म्हणून तिला बदलावा लागला.” मग जरा थांबून, “मागेच.”

मागेच म्हणजे कधी, हे विचारायचं आईच्या जिभेवर आलं होतं. तिने ते विचारलं नाही. ॲप्रनच्या खिशातून फोन काढला. पडद्यावरच मुलीचा फोटो होता, विभागात जिंकल्यावर बाबाने पाठवलेला. सकाळी कणकेच्या यंत्रासमोर उभी राहून ती तो रोज बघायची. डोळ्यांखाली काळं आलंय का. गळ्याची हाडं फार दिसतायत का. हनुवटीवरचा ओरखडा भरत आलाय, पट्टी कुणीतरी बरोबर लावली आहे. आणि छातीवर, तळहाताएवढा, पांढराशुभ्र अकरा. तो काय आज उगवला नव्हता.

“तोंडाकडेच बघतो ना आपण,” दातवाली म्हणाली.

दातवाली ‘आपण’ म्हणाली. आईने ते ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं करून पिशवीतून पातळ सुरी काढली.

“किती वेळ आहे?”

“पाहुण्यांचं भाषण चालू झालंय आत्ताच. ते आधी स्वतःच्या शाळेच्या आठवणी सांगतात, मग विषयावर येतात.”

“मग भरपूर आहे. दिवा जरा इकडे वळवता का? मोबाइलचा चालेल.”

दातवालीने उजेड धरला. अगदी बरोबर धरला, सावली न पडता. धंद्याची सवय. आईने सुरीचं टोक जर्सीखाली सरकवलं. साखर वाळली होती, एका बाजूने उचलली की दुसऱ्या बाजूने धरून बसत होती. घाई केली असती तर मैदानाचा पापुद्रा निघाला असता. तिने सुरी ओली केली, पुसली, परत सरकवली. दोघी श्वास रोखून वाकल्या होत्या. बाहेर माइक किंचाळला आणि पाहुण्यांनी त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.

जर्सी सुटली. खाली एक फिकट, चिकट ठसा राहिला. आईने बोटावर मक्याचं पीठ घेऊन त्यावर फिरवलं, फुंकर मारली. ठसा गेला. मधलं वर्तुळ रिकामं झालं आणि गंमत म्हणजे केक आणखी छान दिसायला लागला. इतका वेळ तिथे गर्दी होती, हे आता कळत होतं.

“कुणाला कळणारही नाही,” दातवाली म्हणाली.

“हं.”

सुरीच्या पात्यावर तीन नंबर तसाच होता. ठेवायला कागद नव्हता, टाकायला डबा नव्हता. दातवालीने पर्समध्ये हात घातला, रुमाल शोधत असावी. तेवढ्यात आईने जर्सी उचलली आणि तोंडात टाकली.

“सावकाश हं. फार कडक दिसतेय. दाढ जाईल.”

“गेली तर आहात की तुम्ही,” आई गाल फुगवून म्हणाली.

दोघींना एकदम हसू फुटलं. भाषण चालू असताना हसायचं नाही म्हणून ते दाबलं, तर आणखीच आलं. दातवालीने बाकाला धरलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने मनगटाने पुसलं, म्हणजे थोडं मक्याचं पीठ गालाला लागलं. दातवालीने हात पुढे केला, मग मागे घेतला आणि नुसतंच स्वतःच्या गालाकडे बोट दाखवलं.

“ताई,” ती म्हणाली, आता हसत नव्हती. “ती आज तुमच्याशी बोलणार आहे. मीच म्हटलं तिला, दुसऱ्या कुणाला काही सांगायच्या आधी आईशी बोल.”

“काय बोलणार आहे?”

“ते तिनेच सांगावं.”

आईने तोंडातली साखर कडकन फोडली. 

सभागृह खचाखच भरलं होतं. दातवालीने आपल्या रांगेत तिच्यासाठी खुर्ची धरली होती, बाबाने लांबून हात वर केला, ये, ये. आईने केकच्या खोलीकडे बोट दाखवलं आणि भिंतीशी उभी राहिली. कामावर असलेल्या माणसाला कुठे बसायचं हा प्रश्न नसतो.

टीम मंचावर आली तेव्हा छत खाली येईल असा आवाज झाला. मागच्या रांगांतली मुलं एका सुरात ओरडायला लागली, “लिफ्ट! लिफ्ट!” आईने इकडेतिकडे पाहिलं. या बैठ्या इमारतीत लिफ्ट कुठून आली? मग मंचावर तिची मुलगी लाजून हात हलवायला लागली आणि तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. शेजारी उभ्या असलेल्या बाईने, कुणाची तरी मावशी किंवा आत्या असावी, तिला कौतुकाने सांगितलं, “ती उंच मुलगी आहे ना, तिला लिफ्ट म्हणतात. उडी बघा तिची एकदा. अशी वर जाते, आणि यायचं नाव नाही.”

“हो का?” आई म्हणाली.

“तुम्ही पाहिला नाहीत का सामना?”

“केक करत होते.”

बाई तिच्याकडे जरा दयेने बघून पुन्हा टाळ्या वाजवायला लागली.

पदकं झाली, करंडक झाला, मुख्याध्यापिकांनी पालकांचे आभार मानले. पहाटे उठून डबे करणाऱ्या, सरावाला सोडणाऱ्या, गुडघ्यांना बर्फ लावणाऱ्या पालकांचे. आईने टाळ्या वाजवल्या. ती पहाटे उठत होती, हे खरंच होतं.

केक बाहेर आला तेव्हा पोरी त्याच्यावर तुटून पडल्या. प्रत्येकीला आपापला नंबर हवा होता. आई सुरी घेऊन उभी, एकेक जर्सी अलगद उचलून हातावर देत होती. “माझा सात.” “काकू, नऊ, नऊ.” मग अकरा. मुलगी समोर उभी होती, आईपेक्षा डोकंभर उंच. मागच्या वेळी खांद्याला खांदा लागत होता, अशी तिची समजूत होती.

“अकरा ना?” आईने विचारलं.

“हो.” मुलीने जर्सी घेतली, मग वाकून आईला मिठी मारली. हातात साखर, छातीवर पदक आपटलं. तिच्या कपड्यांना दुसऱ्याच साबणाचा वास होता. छान होता वास. महागातला असावा.

“आई, आज मी तुझ्याकडे येतेय.”

‘तुझ्याकडे’. आई म्हणाली, “ये की. सामान?”

“सॅक आहे ना.”

सॅक होती, शाळेचीच. एका दिवसाचे कपडे बसतील एवढी.

बाबा गाडीने सोडतो म्हणाला, पण दोघी बसनेच गेल्या. बसमध्ये मुलगी सामन्याबद्दल बोलत राहिली, कुणी पास दिला, कोण पडलं, शेवटची बास्केट कशी कडेवर नाचली आणि मग आत गेली. हातांनी दाखवत होती. समोरच्या सीटवरचे आजोबासुद्धा वळून ऐकायला लागले. आईला पासचं काही कळलं नाही, पण ती बरोबर त्या-त्या ठिकाणी “बाप रे” म्हणत गेली. वाटलं, हे असंच चालू राहिलं तर दुसऱ्या कशावर बोलायची वेळच येणार नाही.

घरी आल्यावर मुलगी बाथरूमच्या दारातून म्हणाली, “आई, हा पिवळा टॉवेल घेतला तर चालेल?”

“चालेल,” आई म्हणाली. तो टॉवेल मुलीचाच होता.

दोघी जेवल्या. चमचा हवा होता तर मुलीचा हात ओट्याच्या उजवीकडे गेला, तिथे भिंत होती. “अरे हो,” म्हणून ती डावीकडच्या खणाकडे वळली. जेवण झाल्यावर तिने स्वतःची ताट-वाटी धुतली, आईचीही धुतली, ओटा पुसला आणि फडकं पिळून वाळत घातलं. या घरात असताना या पोरीला पाण्याचा पेलासुद्धा जागेवर नेऊन ठेवायला तीनदा सांगावं लागायचं. आई बघत राहिली. कुणी इतकी चांगली वळणं लावली, म्हणून खूश व्हायचं, की आपल्या घरी कुणी असं वागतं का, म्हणून रडायचं, हे तिला ठरवता येईना.

“बस,” ती म्हणाली. “बोल आता.”

मुलगी खुर्चीत बसली. “राज्याच्या संघात निवड झालीय माझी.”

“वा ग.”

“राष्ट्रीय स्पर्धा आहे. वर्षभर सराव. त्याच कोर्टावर.” ती टेबलावरच्या एका डागाला नखाने खरवडायला लागली. “मी सरांना विचारलं, पहिल्या बसने आले आणि थोडा उशीर झाला तर चालेल का. ते म्हणाले, बघू.”

“म्हणजे नाही.”

“म्हणजे नाही.” मुलगी जराशी हसली. मग मान खाली घालून म्हणाली, “पण आपलं ठरलं होतं ना, स्पर्धा संपेपर्यंत. ते मला माहितेय. तू म्हणशील तर मी येते, आई. संघाला नाही म्हणून सांगेन. खरंच सांगेन.”

इतके महिने जे वाक्य ऐकायला ती कान लावून बसली होती, ते हे. आयतं समोर आलं होतं. नुसतं ‘ये’ म्हणायचं होतं. पोरगी आली असती. कुरकुर केली नसती, ताटं धुतली असती, टॉवेल विचारून घेतला असता. आणि पहाटे, आई बेकरीला निघताना, अंधारात छताकडे बघत पडून राहिली असती.

मुलीचं नख डागावरून हललं नव्हतं. 

“आम्ही बायका पहाटे कणकेशी मारामारी करायला जातो,” आई म्हणाली, “त्यात आणखी तुला उठवायची मारामारी मला जमायची नाही. तुला उठवायचं म्हणजे रेल्वेचा डबा ढकलायचा. ते काम डॉकलाच करू दे.”

“आई.”

“रविवारी येत जा. मी दुपारी घरी असते. नाही जमलं तर आधी सांगायचं. मला वाट बघायला लावायची नाही.”

“नक्की ना? तुला चालेल?”

“न चालायला काय झालं?”

मुलीचं तोंड एकदम मोकळं झालं. खांदे खाली आले, डोळे चमकले, अगदी लहानपणी ताप उतरल्यावर दिसायची तशी दिसायला लागली. इतक्या लवकर व्हायला नको होतं ते. जरा थांबून झालं असतं, तरी चाललं असतं.

“थोडं पडते ग,” मुलगी म्हणाली. “अंगातलं सगळं संपलंय.”

ती आपल्या खोलीत गेली आणि आडवी झाल्या झाल्या तिला झोप लागली. उन्हं अजून खिडकीत होती. आई पडदा ओढायला आत गेली, तर मुलीचे पाय पलंगाच्या बाहेर आले होते. घोट्यापासून पुढचे, हवेत. पलंग आहे तेवढाच होता. तिने मुलीला थोडं वर सरकवायचा विचार केला, पण वर उशी होती आणि उशीपलीकडे भिंत. म्हणून ती स्वयंपाकघरातली एक खुर्ची घेऊन आली, आवाज न करता पलंगाच्या पायथ्याशी लावली, वर रजईची घडी ठेवली आणि एकेक पाऊल उचलून त्यावर ठेवलं. जड होती पावलं. टाचांना घट्टे पडले होते, एका अंगठ्याचं नख काळं झालं होतं. मुलगी झोपेत काहीतरी पुटपुटली आणि पाय आणखी लांब केले.

बाहेर फोन वाजला तशी ती धावलीच. मावशी होत्या. मागे बेकरीतल्या ट्रेचा खडखडाट.

“झाला का कार्यक्रम? केक कसा झाला?”

“झाला. सगळा संपला.”

“आणि शिंगरू आलं का?”

“आलं.” आई भिंतीला टेकून उभी राहिली. इथून खोलीचं दार दिसत होतं, आणि दारातून खुर्चीवरचे दोन तळवे. “झोपलंय.”

“अगं, झोपू दे. राहणार ना पण?”

“गाढ झोपलंय, मावशी.”

“ते कळलं. मी विचारतेय, राहणार ना?”

“हळू बोला,” आई म्हणाली. “उठेल ती.”